ब्लूज नसलेलं ब्लूज

१९९० साली गॅरी मूरचा 'स्टिल गॉट द ब्लूज' हा अल्बम बाजारात आला. तोवर बेलफास्टचा हा गिटारवादक ओळखला जाई तो सुसाट, कर्कश हार्ड रॉकसाठी. आदल्याच वर्षीचा त्याचा 'आफ्टर द वॉर' ऐकला, तर हा गडी पुढं एवढा थांबून वाजवेल असं स्वप्नातही वाटत नाही.

गंमत म्हणजे, ज्या शीर्षकगीतानं अल्बम गाजला, ते बांधणीनं ब्लूज नव्हेच. ब्लूजचा नेहमीचा साचा बारा बारचा, तीन कॉर्ड्सचा. इथं मात्र चाल डी मायनरवरून जी, सी, एफ, बी, ई असे मुक्काम घेत ए मायनरवर विसावते. पेटीवर लावून बघावं: प्रत्येक मुक्काम आधीच्याचा मध्यम, एफवरून बीवर जाताना तेवढा तीव्र मध्यम. १९७९ मध्ये गाजलेल्या 'पॅरिसियन वॉकवेज'मध्येही मूरनं हीच वाट धरली होती.

ही वाट बरीच मळलेली. 'युड्स गॅलरी' या जर्मन बँडच्या 'नॉर्डराख' या रचनेशी 'स्टिल गॉट द ब्लूज'चा सोलो जुळतो, म्हणून २००८ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं मूरविरुद्ध निकाल दिला. ती रचना आपण ऐकलीच नव्हती, असं त्याचं म्हणणं.

मग ब्लूज आहे कुठं? डाव्या हातात. तिसरं बोट तारेवर, त्यामागं दोन बोटांचा टेकू, आणि तार वर ढकलत सूर गाठायचा. तो गाठायला किंचित उशीर करायचा, गाठला की मग हळूच कंप द्यायचा. ज्याची बोटं वेगाला सरावलेली असतात, त्याला हा उशीरच सगळ्यात जड जातो.

अल्बममधल्या पाहुण्यांत जॉर्ज हॅरिसन, अल्बर्ट कॉलिन्स आणि अल्बर्ट किंग. किंग डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा, त्यामुळे इतर जण वर ढकलतात ती तार तो खाली ओढायचा. 'ओह प्रिटी वूमन'मध्ये तो आणि मूर एकत्र आहेत. किंग मोजके सूर टाकतो, मूरला मात्र राहवत नाही. द्रुत गाण्यांत त्याचा जुना रॉकवाला असा अधूनमधून डोकं वर काढतोच.

तरीही 'वॉकिंग बाय मायसेल्फ' चुकवू नये. आधी जिमी रॉजर्सचं १९५६ चं मूळ गाणं लावा, त्यातला बिग वॉल्टर हॉर्टनचा माउथ ऑर्गन नीट ऐका, आणि लगेच मूरचं ऐका. शक्यतो मोठ्या आवाजात.