न्यूट्रल कुठून आणलाय?

दिवाळीच्या आधी उंब्रजमध्ये दोन कामं जोडीनं निघतात, रंगकाम आणि वायरिंग. भिंत खरवडलीच आहे तर जुन्या पट्ट्या काढून पाइप आत गाडून घेऊ, असं घरमालकाला वाटतं. नवा डीबी बसतो, एमसीबींची रांग लागते आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे गिझरचं पाणी गारच. मला फोन येतो तोवर निदान झालेलं असतं. "कॉइल गेलीय दादा, येताना नवीच घेऊन या."

मी कॉइल नेत नाही. कालपर्यंत तापणारी कॉइल नेमकी वायरिंग बदललं त्याच दिवशी जळावी, हा योगायोग मला पटत नाही. गेल्या गेल्या मी वायरमन पोराला विचारतो, न्यूट्रल कुठून आणलाय?

तो टेस्टर लावून दाखवतो, दिवा लागतो. पण न्यूट्रल तुटलेला असला की गिझरच्या दोन्ही टोकांवर टेस्टर पेटतो. फेज कॉइलमधून फिरून पलीकडच्या टोकाला पोचलेली असते, परतीची वाट तेवढी बंद असते. मीटरही फसवतो. न्यूट्रलचा स्क्रू नुसता टेकलेला असेल तर सॉकेटवर छान २३० व्होल्ट दिसतात. गिझर चालू करून तिथंच मोजा, आकडा कोसळतो. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर ओढतो, ते टेकलेल्या तारेला पेलत नाही. जॉइंट तापतो, प्लास्टिक काळं पडतं. म्हणून मोजायचं ते लोड टाकून. होल्डरला बल्ब लावलेला जुना टेस्ट लॅम्प हेच काम फुकटात करायचा. आताच्या पोरांच्या पेटीत तो दिसत नाही.

कधी वायरिंगचा दोष नसतोही. शेजारच्या पाटण तालुक्यात १९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प, पण मळ्यातल्या लाइनीच्या शेवटच्या घरी दाब १६० व्होल्टवर आला की तीच कॉइल हजार वॅटसुद्धा देत नाही. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला एरवी अर्धा तास पुरतो, तिथं तास उलटून जातो.

खरं भांडण होतं ते आरसीसीबीवरून. बाथरूमपर्यंत न्यूट्रल ओढायचा कंटाळा करून कुणीतरी गिझर अर्थिंगवरच चालवलेला असतो. पाणी तापतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. नव्या डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसला, की गिझरचं बटण दाबताक्षणी घर अंधारात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. घरात दोन आरसीसीबी असले आणि फेज एकाची, न्यूट्रल दुसऱ्याचा घेतला, तरी हीच गत. मालक म्हणतात, "ते काढून टाका की, आधी काय अडत होतं?" इथं मी कुणाचं ऐकत नाही. अशा घरात अर्थिंगची तार कुठं सुटली, तर कॉइलमधून आलेली फेज थेट गिझरच्या टाकीवर आणि लोखंडी नळावर येते, आणि तिथं ओल्या अंगानं माणूस उभा असतो.

हल्ली महाबळेश्वर-पाचगणीकडून गरम पाण्याच्या टबांची कामंही येतात. त्यांचा हिटर गिझरसारखा साठलेल्या पाण्यात बसत नाही. पंप पाणी फिरवतो, फ्लो स्विच पाणी वाहतंय का ते बघतो, मगच हिटरला वीज मिळते. एका रिसॉर्टवर पॅनेल हलवल्यापासून हिटर बंद होता, नवा मागवायचं ठरतही आलं होतं. पंप थ्री फेजचा. फिरत होता, पण पाण्याला जोर नव्हता. तारळी-कृष्णाकाठच्या कुठल्याही ऊसवाल्यानं नुसतं ऐकून सांगितलं असतं, मोटर उलटी फिरतेय. मेन स्विच बंद करून तीनपैकी दोन फेजा अदलाबदल केल्या. पाण्याला जोर आला, फ्लो स्विच लागला, मागोमाग हिटर. पार्ट एकही बदलला नाही, त्यामुळे बिल फक्त मजुरीचं झालं. त्यावरही मॅनेजरनं घासाघीस केलीच.