पावसानंतरचे आकाश

गूढ आणि भयाकुल चित्रापुढे उभा राहणारा आपला प्रेक्षक बहुधा प्रथम प्रतीकांची झडती घेतो. पक्षी म्हणजे काय, भाला कशाचा, पाठमोरी स्त्री ती कोण, याचा कोणी खुलासा करून दिला की चित्राचा निकाल लागला, अशी त्याची समजूत असते. माक्स एर्न्स्टने १९४० साली फ्रान्समध्ये आरंभिलेले आणि १९४२ साली न्यूयॉर्कमध्ये पुरे केलेले ‘पावसानंतरचा युरोप’ हे चित्र या समजुतीविरुद्धचा भक्कम दाखला होय.

त्यातील अवशेषांचे रान मुळात कुंचल्याने रेखाटलेले नाही. ओल्या रंगावर काच किंवा कागद दाबून उचलायचा, ही डेकॅल्कोमानिया नावाची रीत ओस्कार दोमिंगेझने अतिवास्तववादी मंडळींत रूढ केली होती. उचलताना रंगाला जी ओढ बसते तिच्यामुळे शेवाळ, कुजके मांस, गंजके लोखंड यांपैकी कशाचाही भास व्हावा अशा शिरा आणि पोकळ्या उमटतात. ज्या चित्रकाराने हा उद्योग स्वहस्ते केला आहे त्याला ठाऊक असते की दाब आपला असला तरी आकार आपल्या हुकमतीतला नसतो, आणि काच उचलताच आपणही आपल्या फलकापुढे निव्वळ प्रेक्षक होतो. कसब लागते ते पुढे, काय राखायचे आणि काय बुजवायचे हे ठरवताना.

एर्न्स्टने माथ्यावर राखले ते स्वच्छ निळे आकाश, आणि माझ्या मते सारी भीती तेथेच आहे. काळे आकाश निदान शोकात सहभागी तरी झाले असते, हे मात्र खालच्या संहाराची दखलही घेत नाही.

राहता राहिला तो या चित्रातला पक्षिमुखी भालाईत. लोपलोप नावाचा पक्षी एर्न्स्टने चित्रांत आपला प्रतिनिधीच नेमला होता. शिवाय पहिल्या महायुद्धात एर्न्स्ट स्वतः जर्मन तोफखान्यात होता आणि दुसऱ्याच्या आरंभी, शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून, फ्रेंच सरकारने त्याला ले मिलच्या छावणीत डांबले होते. तेव्हा हा पक्षी शिपाई की बंदिवान, हा मुकदमा मी मुद्दामच तहकूब ठेवतो. ज्याने दोन्ही भोगले त्याच्या चित्रात एकच उत्तर मागणे अरसिकपणाचे आहे.

मूळ चित्र अमेरिकेत हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियममध्ये आहे. ज्यांना छापील प्रतीवरच भागवावे लागते त्यांनी एकवार आकाश तळहाताने झाकून केवळ तो ढिगारा पाहावा, त्याचे रत्नजडित सौंदर्य मान्य करावे, मग हात काढावा, आणि पक्ष्याचा अर्थ त्यानंतर विचारावा.