आधी कुरण राखावं

माउली, कार्तिकीला निघण्याआधी कुरणाकडे एकदा पाहा. पाऊस सरला, आता गवत वाढायचं नाही. आहे तेच पुढल्या पावसापर्यंत पुरवायचं. मारवेल, पवना फुलोऱ्यात असतानाच कापावं, चार बोटं बुडखा ठेवावा. उशीर झाला की गवताचा कस जातो, कुसळं गुरांच्या तोंडाला टोचतात. एक पट्टा मात्र बी पडण्यासाठी राखावा.

एका वर्षी मी कीर्तनं करीत गावोगाव हिंडलो आणि गुरं कुरणात मोकळी राहिली. चैत्रात वैरण संपली. दावणीची गाय बाजारात न्यावी लागली. ती मागं वळून पाहत होती. लोकांना संयम सांगत होतो, घरचं कुरण उघडं होतं. त्यानंतर आधी कुरण राखलं, मग निरूपण केलं.

रामकृष्ण हरी!