बेंजोचा कान

बेंजो म्हटले की आपल्या महाविद्यालयातील रसिक मंडळी नाक मुरडतात. सतार, सारंगी यांच्याविषयी लिहावे. वरातीत टेम्पोवर वाजणाऱ्या पेटीविषयी काय लिहायचे? परंतु माझ्या मामांचे घर या पेटीवर चालते, त्यामुळे मला नाक मुरडण्याची सोय नाही.

ही पेटी मूळची आपली नव्हे. १९१२ साली जपानमधील नागोया येथे ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य निघाले. तारा आणि टंकयंत्राची बटणे यांचा तो संकर. आपल्याकडे त्याचा बुलबुलतरंग झाला आणि वरातीत शिरल्यावर बेंजो. २०१६ साली रवी जाधवांचा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट आला, रितेश देशमुख त्यात नायक होते. तेव्हा मामा दोन दिवस ताठ मानेने हिंडले. तिसऱ्या दिवशी सुपारीची घासाघीस पुन्हा पूर्ववत.

लाकडी पेटीचा नाजूक आवाज ताशापुढे कोण ऐकणार? म्हणून तारांखाली पिकअप बसवतात. इलेक्ट्रिक गिटारला असतो तोच हा. चुंबक, आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत किंचित वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखविलेले हे तत्त्व आपण शाळेत गुणांसाठी पाठ केले. मामांनी ते मला एका दमात सांगितले : “हा कान नाई, बाबू. याले आवाज आयकू येत नाई. याले फक्त लोखंड हाललं का समजते.” म्हणूनच नुसत्या पितळेची तार चढवली तर पिकअप ढिम्म राहतो.

एकदा हे उमगले की त्याची निगाही उमगते. चुंबकाची काळजी करावी लागत नाही. तो माणसापेक्षा चिवट असतो. मात्र तारांचा गंज आणि लोखंडाचा कीस तो ओढून घेतो. तो कीस फुंकरीने उडवू नये, फुंकरीत ओल असते. चिकटपट्टी हलकेच टेकवून उचलावा. गणपतीत गुलाल आत जातो, त्यावर घाम टपकतो आणि त्याचा चिखल बसतो. तो कोरड्या मऊ कुंचल्याने काढावा. रॉकेल, पेट्रोल यांचा बोळा फिरवणाऱ्या शहाण्यांना मामा पेटीजवळ उभे करीत नाहीत. त्याने तारेवरचे लाखेसारखे आवरण सुटण्याचे भय असते. पिकअप तारांच्या फार जवळही नको. चुंबक तारेला ओढू लागतो आणि सूर डगमगतो.

खरा जीव त्या तांब्याच्या तारेत. ती डोक्याच्या केसाएवढी बारीक. स्ट्रॅटोकॅस्टर गिटारच्या एका पिकअपमध्ये तिचे आठेक हजार वेढे असतात. मामांचा पिकअप पुसदच्याच एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने शिवणयंत्राच्या चाकावर गुंडाळलेला. तो कारागीर आता नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन लगीनसराईत, नवरदेव मारुतीच्या पारापर्यंत आलेला असताना, बेंजो मुका झाला. सहा माणसांची पार्टी, ठरलेले पैसे निम्मे मिळाले. ताशेवाल्यांना मामांनी आपल्या खिशातून पुरे दिले, हे मला मामींकडून कळले.

दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, “फेकून द्या, नवा बसवतो.” मामा काही बोलले नाहीत, पेटी उचलून घरी आले. आम्ही मल्टीमीटर लावला, काटा हलेना. म्हणजे तार कुठेतरी तुटलेली. आत खोल तुटली असेल तर सगळे वेढे उलगडण्यावाचून गती नाही. परंतु पुष्कळदा ती तुटते बाहेरच्या टोकाला, जिथे केसासारखी तार जाड वायरला जोडलेली असते. घामातले मीठ तिथेच तांबे खाते. मामांनी वरची पट्टी सोडवली. हिरवट पडलेले टोक दिसले. भिंग मी धरले, सोल्डर त्यांनी लावले. आयुष्यभर झपताल-दादरा वाजवणारा तो हात त्या दिवशी कापत होता. मग काटा उठला आणि सहा किलोओहमच्या पुढे जाऊन थांबला. मामी देवापुढे साखर ठेवून आल्या.

पुढे मेणाचे काम केले. वेढे सैल असले की मागच्या भोंग्यांच्या आवाजाने तेही थरथरतात आणि पिकअप किंचाळतो. पॅराफिनमध्ये थोडे मधमाश्यांचे मेण घालून, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून ते वितळवायचे आणि त्यात पिकअप बुडवायचा. थेट जाळावर कधीही नाही. पासष्ट अंशांच्या वर गेले तर खालची चौकट वाकते. जनरेटरची घरघर मात्र याने जात नाही. त्यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये दोन उलट वेढ्यांची युक्ती काढली. आमच्या एकेरी पिकअपला ती कुठली? तिच्यासकटच मामा वाजवतात.

आता पुष्कळ वराती डीजेच्या झाल्या. मामांना महिन्यात दोन सुपाऱ्या मिळाल्या तरी बरे. “नवा पिकअप घ्या की,” असे मी एकदा म्हटले. “नव्यात तो नाई,” एवढेच उत्तर आले. ‘तो’ म्हणजे सूर की तो रेडिओवाला, हे मी विचारले नाही.

पावसाळ्यात पूस नदीकाठची हवा दमट होते. मामा नव्या बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या दुकानादुकानांतून मागून आणतात आणि पेटीत ठेवतात. मामी म्हणतात, “डाळीच्या डब्यात एक ठेवा म्हटलं तं नाई देत.”