टाचणातली मुलं

उद्यापासून मी बाई होणार. म्हणजे जन्मानं आहेच. पण उद्यापासून सातवीतली चाळीस मुलं मला बाई म्हणणार, आणि त्या कल्पनेनं दोन दिवस घशाखाली घास उतरलेला नाही.

छत्तिसाव्या वर्षी बी.एड.ला नाव घातलं तेव्हा फीसाठी हातातल्या दोन पाटल्या मोडल्या. ह्यांनी हूं की चूं केलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. आता धास्ती दुप्पट! २०१५ सालापासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यातले वीस आठवडे शाळेत काढायचे असं ठरलं. चार आठवडे पहिल्या वर्षी झाले. तेव्हा मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचे तास पाहायचे होते. फार सुखाचे दिवस ते. उरलेले सोळा माझ्या घशावर बेतले आहेत. शाळेत असताना उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं की ह्याच घशाला कोरड पडे.

तशी तयारी पुष्कळ झाली आहे. हर्बार्ट नावाच्या जर्मन गृहस्थांनी शिकवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या, शिष्यांनी त्यांच्या पाच केल्या. ती पंचपदी मला झोपेतही म्हणता येते. सूक्ष्म अध्यापनही झालं. हे १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डला निघालेलं. पाच-सहा मिनिटं आपल्याच मैत्रिणींना शिकवायचं. पंचेचाळिशीच्या बायका तोंडावर बोट ठेवून सातवीतल्या होतात आणि आपण विचारायच्या आत हात वर करतात!

आणि पाठाचं टाचण! डाव्या बाजूला शिक्षकानं काय म्हणायचं, उजव्या बाजूला विद्यार्थी काय म्हणणार. ही उजवीकडची मुलं मोठी गोड. ती कधी चुकत नाहीत, कुणाची पेन्सिल पळवत नाहीत, पाणी प्यायला जाऊ का म्हणत नाहीत. माझा उद्याचा पाठ पूर्णांकांच्या गुणाकाराचा. डावीकडे, ‘ऋण गुणिले ऋण म्हणजे काय?’ उजवीकडे, ‘धन.’ झालं!

माझी आरशापुढची बडबड ऐकून सासूबाई काल कंटाळल्या. “अगं, आरशाला काय शिकवतेस? एक खरी पोर आणते.” आणि खालच्या मजल्यावरची सातवीतली मुलगी घेऊनच आल्या.

मी म्हटलं, ऋण गुणिले ऋण, धन. ती म्हणाली, “का पण, काकू?”

टाचणात ‘का’ नव्हतं. घसा कोरडा पडला. मग पाटीवरच एकाखाली एक लिहीत गेले. तीन गुणिले उणे दोन, उणे सहा. दोन गुणिले उणे दोन, उणे चार. एकाला उणे दोन, शून्याला शून्य. दर ओळीला उत्तर दोनानं वाढतंय ना? मग शून्याच्या खाली उणे एक गुणिले उणे दोन. तिथं किती?

तिनं ओळींवरून बोट फिरवलं, ओठांत काही पुटपुटली आणि ओरडलीच, “अधिक दोन!” सासूबाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. माझ्या घशाचं मला भानच राहिलं नव्हतं.

“काकू, मग शून्यानं भागलं तर?”

तेवढ्यात तिच्या आईनं जेवायला हाक मारली, देवच पावला.

घंटा सकाळी सातची आहे. टाचण तपासणाऱ्या प्राध्यापिका काय म्हणायचं ते म्हणोत, उजवीकडचं ‘धन’ मी खोडलं आहे आणि तेवढी जागा कोरी ठेवली आहे.