गळाचा मासा, जाळ्याचा मासा

सोलापूर-हैदराबाद मार्गावर उमरगा लागते. तालुका अवर्षणाचा, तरी तुरोरी, जकापूर, बेनितुरा हे मध्यम प्रकल्प आहेत. पाऊस बरा झाला की आमच्यासारख्या कारकुनांना रविवारी गळ आठवतो.

मागे तालुक्यातील एका तलावावर आम्ही मित्रमंडळी गळ टाकून बसलो. काठी बांबूची, आमिष गांडुळाचे. तासाभरात दोन शिंगटे लागले, तोच राखणदार आला. "सायब, तळं ठेक्याचं हाय. गळ काढा." समोर मासळीने टेम्पो भरत होता. आम्हास राग आला. दोन मासे नेले तर चोरी, टेम्पोभर नेले तर धंदा!

राखणदाराशी बोलल्यावर राग निवळला. मत्स्यव्यवसाय खाते तलाव पाच वर्षांच्या ठेक्याने मच्छीमार संस्थांना देते. कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. बोटुकली विकत आणून सोडावी लागते. तळे आटले की पैसाही आटतो.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावला. पाणी सर्वांचे, पण मासा ज्याने सोडला, राखला, त्याचा. हे मानलेच पाहिजे. मात्र शिंगटा कोणी विकत आणून सोडत नाही. तेव्हा संस्थांनी काठाची एक बाजू गळासाठी ठेवावी, दिवसाला दोन मासे ठरवावेत, पावती फाडावी. आम्ही ती आनंदाने घेऊ. आणि पिल्ले ओढणारे बारीक जाळे संस्थांनीही टाकू नये. मर्यादा दोघांनाही हवी.

शिंगटे पाण्यात सोडून आम्ही राखणदारासोबत चहा घेतला.