एक अभिप्राय

आमच्या घरी महिन्यातून एका रविवारी पाचसात वाचनप्रिय मंडळी जमतात. चहा दोनदा होतो, पोहे एकदा होतात, आणि उरलेल्या वेळात साहित्यचर्चाही होते. गेल्या बैठकीसाठी पुस्तक सुचविण्याची पाळी आमची होती, व आम्ही मेरी रेनॉल्ट या इंग्रज लेखिकेची ‘द चॅरिअटिअर’ ही १९५३ सालची कादंबरी सुचविली. आपल्या मनाची ओढ पुरुषांकडेच आहे हे एका तरुणाला उमगत जाते, आणि हे उमगण्याचा काळ दुसऱ्या महायुद्धाचा, असा तिचा विषय. असला विषय निघाला की पूर्वी आमच्या मंडळींपैकी कोणी तरी पावसापाण्याची गोष्ट काढीत असे. या वेळी मात्र सर्वांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचून आणले होते, आणि आमच्या मंडळाच्या इतिहासात ही घटना अपूर्वच म्हटली पाहिजे.

कथानक थोडक्यात असे. लॉरी ओडेल हा सैनिक १९४० साली डंकर्कच्या माघारीत गुडघ्याला जखम होऊन इस्पितळात पडला आहे. तेथे हलकीसलकी कामे करावयास अँड्र्यू नावाचा तरुण येतो. तो क्वेकर पंथाचा. शस्त्र धरणे त्याच्या विवेकबुद्धीला मान्य नाही, म्हणून बंदुकीऐवजी त्याच्या हाती फरशी पुसण्याचे फडके आलेले. लॉरीचा जीव त्याच्यावर जडतो. परंतु अँड्र्यूला स्वतःच्या मनाचीच ओळख नाही, आणि ती करून देण्यास लॉरी धजत नाही. इतक्यात राल्फ पुन्हा भेटतो. हा लॉरीच्या शाळेतील वरच्या वर्गातला मुलगा. शाळेतून त्याला काढून टाकले, तेव्हा जाताना तो लॉरीच्या हाती प्लेटोचे ‘फीड्रस’ ठेवून गेला होता. आता तो आरमारातील अधिकारी आहे, व डंकर्कलाच हाताची बोटे गमावून बसला आहे. लॉरीने कोणाकडे जावे, हा पेच.

अभिप्रायांना आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी आरंभ केला. ते इतिहासाचे अध्यापक. ‘युद्धावरची कादंबरी म्हणता, आणि सारे युद्ध पडद्याआड!’ अशी त्यांची तक्रार. त्यावर आमच्या शेजारी राहणाऱ्या, आयुष्यभर परिचारिकेचे काम केलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘खाटांच्या रांगेत जे येते तेही युद्धच हो. ही लेखिका वॉर्डात राबलेली असली पाहिजे.’ त्यांचा तर्क अचूक होता. रेनॉल्टने ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इस्पितळात परिचर्येचे शिक्षण घेतले होते, आणि डंकर्कहून आलेल्या जखमींची शुश्रूषाही केली होती.

एम. ए. करीत असलेल्या आमच्या भाचीला निराळाच राग आला होता. ‘मामा, ही माणसे इतकी आडून आडून का बोलतात? आणि त्या वाढदिवसाच्या मेजवानीतल्या बायकी मुलांना लेखिका नाक मुरडते, ते मला मुळीच आवडले नाही.’ दुसरा आक्षेप आम्ही निमूटपणे मान्य केला. पहिल्याचे उत्तर इतिहासाच्या अध्यापकांनी दिले. इंग्लंडात पुरुषापुरुषांतील असा संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होता. अमेरिकेत तर हे पुस्तक निघावयासच १९५९ साल उजाडले. ज्या घराच्या भिंतींना कान असतात, तेथील माणसे आडून बोलावयाचीच.

येथवर सर्व सुरळीत होते. मग आमच्या कुटुंबाने पोह्यांच्या बशा गोळा करता करता विचारले, ‘अहो, पण तो लॉरी अँड्र्यूला काही सांगत नाही, ते त्या मुलाच्या भल्यासाठी, की स्वतःच्या सोयीसाठी?’

अध्यापकाला प्रश्न विचारला की तो व्याख्यान देतो. प्लेटोने मनाला दोन घोड्यांच्या रथाची उपमा दिली आहे, एक घोडा शहाणा, दुसरा अनावर, आणि कादंबरीचे नाव त्यावरूनच आले आहे, हे आम्ही सांगितले. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम व इंद्रिये हे घोडे, याची आठवणही करून दिली. लॉरीचे मौन म्हणजे सारथ्याचा संयम होय, असा समारोप करावयाच्या बेतात होतो; परंतु वाक्य घशातच अडकले.

पंचवीसएक वर्षांपूर्वी हेच पुस्तक, फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर घेतलेली हीच प्रत, आमच्या एका विद्यार्थ्याने वाचावयास मागून नेली होती. मुलगा हुशार, अबोल. शेक्सपिअरची सुनीते शिकविताना, त्यांतली बहुतेक एका तरुणाला उद्देशून आहेत ही गोष्ट आम्ही घाईघाईने उरकली, त्यानंतरच्याच आठवड्यात तो आला होता. पंधरा दिवसांनी प्रत परत करताना तो दाराशीच उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, यात कोणी तरी कोणाशी तरी मोकळेपणी बोलावयास हवे होते.’

हा अभिप्राय आम्ही कादंबरीवरचा समजलो! इंग्रजी स्वभावातील संकोच, सूचकतेचे सौंदर्य, असे काहीसे पाच मिनिटे बोललो. त्याने ऐकून घेतले, ‘बरे सर’ म्हटले, आणि तो गेला. पुन्हा तो पुस्तक मागावयास आला नाही. आम्हाला काहीच कळले नव्हते असे म्हणणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. थोडेसे कळले होते, आणि म्हणूनच आम्ही शैलीविषयी बोलत राहिलो. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ रद्द केले, त्या दिवशी अध्यापकांच्या खोलीत आम्ही स्वातंत्र्यावर पुष्कळ बोललो. तो मुलगा तेव्हाही आठवला नाही.

कादंबरीत जे लॉरीने मायेने सांगावयाचे, ते अँड्र्यूला शेवटी एका मत्सरी माणसाच्या तोंडून, हिडीस रीतीने कळते. युद्धातही हात न उगारणारा तो मुलगा त्या वेळी हात उगारतो. आमच्या विद्यार्थ्याला ते कोणाच्या तोंडून कळले असेल, कोण जाणे.

‘सोयीसाठी,’ आम्ही कुटुंबाला एवढेच उत्तर दिले. व्याख्यान इतके लवकर आटोपलेले पाहून मंडळींना आश्चर्य वाटले असावे.

निघताना भाचीने ती प्रत मागितली. तिच्या वर्गातल्या एका मुलाला वाचावयाची होती. आम्ही पुस्तक दिले, आणि तिच्याजवळ निरोप धाडला, की प्रत परत करावयास त्याने स्वतःच यावे. आणि शक्य तर संध्याकाळी यावे, कारण त्या वेळी आम्हाला दुसरे काम नसते.